पुन्हा टाकूनही दुखणं तेच का?

लिनक्स डेस्कटॉपवर एखादं ॲप हट्टाला पेटलं की काय करायचं, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. इथे कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत कराव्यात. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ.

प्रश्न : माझ्या उबुंटूवर लिबरऑफिस रायटर उघडतो, क्षणभर खिडकी दिसते आणि नाहीशी होते. दोन वेळा काढून पुन्हा इन्स्टॉल केला, तरी तेच. असं का व्हावं? (निवृत्त शिक्षक, सातारा)

बिघडलेला भाग जागच्या जागी राहिला म्हणून. लिनक्सवर एक ॲप दोन ठिकाणी वसतं. त्याच्या चालणाऱ्या फाइली ‘यूएसआर’ फोल्डरात असतात, संगणकावरच्या सगळ्या खात्यांसाठी सामाईक. सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स, शब्दकोशात तुम्ही घातलेले शब्द वगैरे तुमच्या होम फोल्डरात असतं. पॅकेज मॅनेजर ॲप काढतो तेव्हा फक्त पहिल्या जागेला हात लावतो. उबुंटूच्या ‘ॲप्ट’ या पॅकेज मॅनेजरचा ‘पर्ज’ हा कडक प्रकारसुद्धा ‘ईटीसी’मधली सामाईक कॉन्फिगरेशन पुसून थांबतो, होममध्ये शिरत नाही. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बेतलेलं आहे, ते घडलं एका यंत्रावर अनेक जण काम करत होते त्या काळात. प्रोग्राम काढला म्हणून कोणाच्या खासगी फाइली जाऊ नयेत, हा तेव्हापासूनचा दंडक लिनक्सने पाळला आहे.

होममधल्या या जागा सहसा दृष्टीस पडत नाहीत, कारण त्यांची नावं टिंबाने सुरू होतात : ‘.कॉन्फिग’, ‘.कॅश’, ‘.लोकल’. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की त्या दिसू लागतात. ही लपवालपवी कोणी ठरवून केलेली नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी ती हकिगत सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरात एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात, चालू फोल्डरची आणि वरच्या फोल्डरची. त्या यादीत येऊ नयेत म्हणून ‘नाव टिंबाने सुरू झालं की वगळा’ अशी आळशी तपासणी ‘एलएस’ कमांडमध्ये घातली गेली. त्या तपासणीत टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली आणि सेटिंग्ज ठेवायला सगळ्यांना आयती जागा मिळाली.

लिबरऑफिस ‘ॲप्ट’मधून आलं असेल तर तुमच्या सेटिंग्ज ‘.कॉन्फिग’मध्ये ‘लिबरऑफिस’, त्यात ‘४’, त्यात ‘यूजर’ इथे आहेत. आवृत्ती चोवीस-पंचवीसवर गेली तरी ते ‘४’ तसंच राहिलं आहे, त्याने गोंधळू नका. ‘यूजर’ फोल्डर पुसू नका, त्याचं नाव ‘यूजर-जुना’ करा आणि रायटर उघडा. लिबरऑफिस कोरा फोल्डर स्वतः तयार करील. रायटर नीट चालला तर दोष त्या जुन्या फोल्डरात होता हे सिद्ध झालं. मग त्यातले ‘वर्डबुक’ आणि ‘टेम्प्लेट’ एवढेच नव्या फोल्डरात आणा. तुमचे शब्द आणि नमुने परत मिळतील. नाव बदलण्याआधी खात्री करून घ्यायची असेल तर टर्मिनलमध्ये ‘लिबरऑफिस डॅश डॅश सेफ-मोड’ द्या. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. त्यात तात्पुरत्या कोऱ्या सेटिंग्जवर काम चालतं.

हीच परीक्षा कुठल्याही ॲपला लावता येते. संगणकावर एक नवं खातं उघडा आणि ॲप तिथून चालवून पाहा. तिथे चाललं तर खोट तुमच्या होममध्ये आहे. तिथेही बिघडलं तर ॲपमध्ये किंवा त्याच्या खालच्या यंत्रणेत. पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवायचा की नाही, हे ठरवायला एवढं पुरतं.

प्रश्न : मेनूत क्लिक केलं की काहीच होत नाही. खिडकी नाही, एररही नाही. कळणार कसं? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड)

एरर बहुधा आलेली असते, फक्त तुम्हाला दिसेल अशा जागी नाही. प्रत्येक प्रोग्रामला तक्रारी ओकण्यासाठी एक वेगळी वाट दिलेली असते. ॲप टर्मिनलमधून सुरू केलं तर ती वाट टर्मिनलमध्ये उघडते. मेनूतून सुरू केलं तर तोच मजकूर मुकाट्याने सिस्टिमच्या रोजनिशीत, म्हणजे जर्नलमध्ये जाऊन पडतो.

म्हणून ॲप टर्मिनलमधून चालवा. त्याची कमांड माहीत नसेल तर ‘यूएसआर’ मधल्या ‘शेअर’ मध्ये ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डर आहे. त्यात मेनूतल्या बहुतेक नोंदींची एकेक छोटी फाइल असते. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा; ‘एक्झेक’ने सुरू होणाऱ्या ओळीत कमांड मिळेल.

मग पडद्यावर ढीगभर ‘वॉर्निंग’ येतील. जीटीके आणि क्यूटी या साधनसंचांवर बांधलेली धडधाकट ॲप्सही अशा कुरबुरी करतच असतात, त्यामुळे अगदी शेवटच्या ओळी वाचा. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असेल तर पुढे जिचं नाव आहे ती लायब्ररी सापडत नाही. इथे पुन्हा इन्स्टॉल करणं खरंच उपयोगी पडतं. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर फाइलच्या मालकीचा किंवा परवानगीचा घोळ. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणजे प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी चाळवली आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्याला तिथेच थांबवलं. सेटिंग्जमधल्या विचित्र नोंदीने प्रोग्राम अशा कोपऱ्यात ढकलला जाऊ शकतो, पण असं उडणं ही चूक प्रोग्रामची, लायब्ररीची किंवा ड्रायव्हरची असते.

ॲप काहीच न बोलता मेलं तर लगेच ‘इको’ लिहून पुढे डॉलर आणि प्रश्नचिन्ह द्या. एक आकडा येईल. १२८ च्या वरचा असेल तर त्यातून १२८ वजा करा. उरेल तो कर्नलच्या सिग्नलचा क्रमांक. १३९ आला तर ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ आला तर ९, म्हणजे कोणीतरी त्याला सक्तीने मारलं.

आकडा शून्य आला आणि तरीही खिडकी नाही, असंही घडतं. अशा वेळी सिस्टिम मॉनिटर उघडून पाहा. त्याच ॲपची जुनी प्रत पडद्यामागे अडकून बसलेली असते. नवी प्रत सुरू होते, ‘आधीची आहेच की’ असं पाहून काम तिच्याकडे सोपवते आणि गुणी मुलीसारखी निघून जाते. जुनी बंद केली की प्रश्न मिटतो.

टर्मिनलमधून चालतं पण मेनूतून नाही, असा पेच असेल तर एका टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल डॅश एफ’ चालू ठेवा आणि मेनूत क्लिक करा. त्याच क्षणी उमटणाऱ्या ओळी पाहा.

प्रश्न : ॲप हँग झालं की मित्र म्हणतो, ‘किल डॅश ९’ मार. पण कधी कधी त्यानेही मरत नाही. (एक वाचक, पणजी)

मित्राचा उपाय शेवटचा आहे, पहिला नव्हे. नुसतं ‘किल’ दिलं तर १५ क्रमांकाचा सिग्नल जातो. तो प्रोग्रामला ऐकू येतो. फाइल जतन करून, कुलपं काढून, नीट बंद होण्याची संधी त्याला मिळते. ९ क्रमांकाचा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. कर्नल त्याला परस्पर संपवतो. मागे अर्धवट फाइली आणि कुलपं राहतात. लिबरऑफिस उघडलेल्या प्रत्येक फाइलशेजारी ‘लॉक’ नावाची एक लपलेली फाइल ठेवतं. ती मागे राहिली तर दुसऱ्या दिवशी ‘ही फाइल कोणीतरी वापरत आहे’ असा निरोप येतो, आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे आपणच असतो.

मारण्याआधी ‘टॉप’ कमांड देऊन त्या प्रोग्रामच्या नावासमोरचं स्थितीचं अक्षर पाहा. ‘आर’ आणि सीपीयू शंभर टक्के, तर तो काहीतरी करतोय. मोठी फाइल उघडत असेल, नाहीतर गोल गोल फिरत असेल. डेस्कटॉप ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणतो त्याचा अर्थ इतकाच की त्याने हाक मारली आणि ॲपने वेळेत ओ दिली नाही. जड स्प्रेडशीट असेल तर थोडं थांबणं शहाणपणाचं. ‘एस’ आणि सीपीयू शून्य, तर तो कशाची तरी वाट पाहतोय : नेटवर्कची, दुसऱ्या प्रोग्रामची किंवा मागे दडलेल्या एखाद्या डायलॉगची.

‘डी’ दिसलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रोग्राम कर्नलच्या आत डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरच्या उत्तरासाठी ताटकळतोय आणि त्या अवस्थेत ९ चा सिग्नलही सहसा लागू पडत नाही. अशा वेळी ॲपला सोडा आणि ओढून काढलेला पेन ड्राइव्ह, मरू घातलेली हार्ड डिस्क किंवा तुटलेलं नेटवर्क शोधा. ‘झेड’ असेल तर तो झोंबी, म्हणजे आधीच मेलेला. त्याच्या जनक प्रोग्रामने फक्त नोंद खोडलेली नाही. मेलेल्याला मारता येत नाही. जनक बंद केला की नोंद जाते.

जुन्या पुस्तकांत ‘एक्सकिल’ सापडेल : कमांड द्यायची आणि नको त्या खिडकीवर क्लिक करायचं. ती सोय १९८० च्या दशकात एमआयटीत घडलेल्या एक्स या खिडकी-यंत्रणेची आहे. आज उबुंटू आणि फेडोरा मूळ मांडणीतच वेलँड या नव्या खिडकी-यंत्रणेवर चालतात आणि वेलँडच्या खिडक्यांवर एक्सकिलचं काही चालत नाही. सगळा पडदाच गोठला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन करून ‘पीकिल’ आणि पुढे ॲपचं नाव द्या. परत यायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२, काही ठिकाणी एफ१ किंवा एफ७.

प्रश्न : माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर वापरता वापरता अचानक नाहीसा होतो. व्हायरस असेल का? (गृहिणी, डोंबिवली)

व्हायरसची शक्यता फार कमी. रॅम संपत आली की लिनक्स कर्नल सगळा संगणक ठप्प होऊ देण्यापेक्षा एखाद्या प्रोग्रामचा बळी देतं. त्याला ओओएम किलर म्हणतात. तो बहुतेक वेळा सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्याला उचलतो, आणि घरच्या संगणकावर तो मान ब्राउझरचा असतो. फेडोराने ३४ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २२.०४ पासून ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ नावाचा आणखी एक पहारेकरी नेमला आहे. तो कर्नलच्या आधी जागा होतो आणि ॲपची सगळी प्रोसेस-मंडळी एकदम बाहेर काढतो. म्हणून एक टॅब न जाता पूर्ण खिडकी जाते.

खात्री करण्यासाठी ब्राउझर गेल्या गेल्या ‘जर्नलसीटीएल डॅश बी’ द्या आणि त्यात ‘ओओएम’ किंवा ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. ब्राउझरचं नाव तिथे दिसलं तर पुन्हा इन्स्टॉल करण्यात काही अर्थ नाही.

‘फ्री डॅश एच’ने रॅमचा हिशेब दिसतो. त्यात ‘फ्री’चा रकाना बघून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशला वापरतं आणि लागली की मोकळी करतं. ‘अव्हेलेबल’चा रकाना खरा. तो सतत तळाला असेल तर टॅब कमी करा, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जास्तीची जागा) वाढवा किंवा झेडरॅम चालू करा. झेडरॅममध्ये स्वॅप रॅममध्येच दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवली जाते. फेडोरात ती ३३ व्या आवृत्तीपासून आपोआप असते.

जाता जाता ‘डीएफ डॅश एच’ही द्या. होम असलेली डिस्क शंभर टक्के भरली असेल तर ॲप्स सेटिंग्ज लिहू शकत नाहीत आणि एकाशी दुसऱ्याचा संबंध लागणार नाही अशा विचित्र तऱ्हांनी बिघडतात.

प्रश्न : मराठी टायपिंग काही ॲप्समध्ये चालतं, काहींत फक्त इंग्रजीच उमटतं. शिवाय एका ठिकाणी चौकोन दिसतात. (अनुवादक, ठाणे)

ही वेगवेगळी दुखणी आहेत, आणि त्यांच्या जोडीला तिसरंही एक असतं; त्यांची सरमिसळ करू नका.

अक्षरं उमटतच नाहीत, तर प्रश्न इनपुटचा. उबुंटू आणि फेडोरात कळ दाबल्यापासून देवनागरी अक्षर होईपर्यंतचं काम बहुधा आयबस करतो. ॲपने त्याच्याशी बोललं पाहिजे. आधी टर्मिनलमध्ये ‘आयबस रीस्टार्ट’ द्या आणि ॲप बंद करून उघडा. नवा कीबोर्ड नुकताच जोडला असेल तर लॉगआउट करून परत या. तरीही एकाच ॲपमध्ये अडत असेल तर ते ॲप फ्लॅटपॅक किंवा स्नॅप प्रकारच्या पॅकेजमधून आलं आहे का ते पाहा. बंदिस्त चौकटीत असल्यामुळे काही वेळा त्याची आयबसशी गाठ पडत नाही. त्याच ॲपची दुसऱ्या प्रकारची आवृत्ती टाकून पाहणं हा सर्वांत जलद निवाडा.

चौकोन दिसतात, तर प्रश्न फॉन्टचा. ‘एफसी-लिस्ट’ लिहून पुढे कोलन, ‘लँग’, बरोबरचं चिन्ह आणि ‘एमआर’ द्या. मराठी लिहू शकणारे सगळे फॉन्ट यादीत येतील. यादी रिकामी असेल तर लोहित किंवा नोटो देवनागरी टाका.

अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटतात, तर प्रश्न जुळणीचा. स्वर, हलन्त आणि व्यंजन एकत्र बसवण्याचं काम लिनक्सवर बहुतेक ॲप्स हार्फबझ या लायब्ररीकडे देतात. जी देत नाहीत, त्यांत ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची मोडतोड होते. टर्मिनलमध्ये तर हे नेहमीचंच : तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर असतं आणि देवनागरी त्यात मावत नाही. तिथे दिसलेली तुटकी अक्षरं फाइलमध्ये शाबूत असतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि भाषा पाहून योग्य ते लागतं.

प्रश्न : स्टोअरमधून घेतलेल्या फोटो एडिटरला पेन ड्राइव्हवरचे फोटो दिसत नाहीत. फाइल मॅनेजरला मात्र दिसतात. (छायाचित्रकार, कोल्हापूर)

ॲप बिघडलेलं नाही, त्याला आडकाठी केलेली आहे. स्नॅप आणि फ्लॅटपॅक प्रकारची ॲप्स मर्यादित परवानग्यांवर चालतात. अनेक स्नॅपना पेन ड्राइव्ह आपोआप मिळत नाही आणि होममधल्या टिंबाच्या फाइलीही दिसत नाहीत. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’खाली ते ॲप निवडून परवानगी द्या. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील नावाचं छोटं साधन आहे. यांच्या सेटिंग्जही वेगळ्या जागी असतात : फ्लॅटपॅकच्या ‘.व्हार’मधल्या ‘ॲप’ फोल्डरात, स्नॅपच्या ‘स्नॅप’ फोल्डरात. २२.०४ पासून उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅपच आहे, म्हणून जुन्या लेखांत सांगितलेल्या ठिकाणी त्याचा प्रोफाइल सापडत नाही.

प्रश्न : ‘सुडो’ लावून चालवलं की माझं ॲप चालतं. मग तसंच वापरू का? (दुकानदार, जळगाव)

नको. ‘सुडो’ने ॲप रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारात चालतं आणि त्या वेळी बनवलेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते. त्या तुमच्या होममध्ये पडल्या की पुढच्या वेळी तुमच्या साध्या खात्याला त्यांवर लिहिता येत नाही, आणि एका ॲपचं दुखणं चार ॲप्सना लागतं. ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची फाइल अशी रूटच्या नावावर गेली तर पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो.

पण तुम्ही दिलेली माहिती मोलाची आहे. ‘सुडो’ने चालतं याची दोन कारणं संभवतात. एक, तुमच्या होममधली एखादी फाइल आधीच रूटच्या मालकीची झाली आहे. ‘फाइंड’, मग होमचा पत्ता, मग ‘डॅश यूजर रूट’ असं दिलं की ती सापडेल. ‘सुडो चाऊन’ने मालकी परत तुमच्या नावावर करा, पण फक्त सापडलेल्या त्या फाइलींची, सगळ्या सिस्टिमवर ही कमांड चालवली तर संगणक निकामी होईल. दुसरं कारण, रूटच्या खात्यात ॲपच्या सेटिंग्ज कोऱ्या आहेत आणि तुमच्या बिघडलेल्या. तसं असेल तर साताऱ्याच्या वाचकांना सांगितलेला नाव बदलण्याचा उपाय तुम्हालाही लागू.

प्रश्न : इतकं करूनही जमलं नाही तर तक्रार कोणाकडे आणि कशी करायची? (ग्रंथपाल, बेळगाव)

‘चालत नाही’ एवढ्यावर कोणालाच मदत करता येत नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा यांपैकी काय आणि कितवी आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि ते डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक यांपैकी कोणत्या प्रकारचं पॅकेज, सत्र वेलँडचं की एक्सचं, जे सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली दिसतं, काय केल्यावर बिघडतं, आणि टर्मिनलमधला शेवटचा संदेश, फोटो न काढता मजकूर म्हणून, असं सगळं लिहा. जर्नलचा उतारा देताना खात्याचं नाव आणि खासगी फाइलींची नावं काढून टाका.

कोणाकडे, हे वरच्या परीक्षांवरून ठरतं. नव्या खात्यात ॲप नीट चालतं, तर आधी स्वतःचा सेटिंग्जचा फोल्डर बाजूला करून पाहा, बहुधा तक्रारीची वेळच येणार नाही. नव्या खात्यातही उडतं पण त्याच आवृत्तीचं फ्लॅटपॅक चालतं, तर उबुंटू किंवा फेडोरा यांनी बांधलेल्या पॅकेजात किंवा लायब्ररीत खोट असण्याची शक्यता जास्त, तक्रार त्यांच्याकडे. दोन्ही सारखीच उडतात, तर ॲप लिहिणाऱ्यांकडे. एकमेकांशी काही नातं नसलेली ॲप्स आलटून पालटून सेगमेंटेशन फॉल्ट देऊ लागली तर मात्र कोणालाच लिहू नका. आधी रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅम तपासा.